कांचेच्या पेटींतील समुद्र आणि तांबडें शेवाळें

खानदेशचा आणि समुद्राचा संबंध तसा दूरचाच. गिरणा, पांझरा, वाघूर या आपल्या नद्या तापीस मिळतात आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रास जाऊन मिळते, एवढेंच काय तें आपलें सागराशीं नातें. असें असतां अलीकडे जळगांव, धुळें, भुसावळ अशा शहरांतील एखाद्या हौशी घरीं गेलें, तर दिवाणखान्यांत समुद्राचा एक तुकडाच कांचेच्या पेटींत कोंडून ठेवलेला दृष्टीस पडतो. गोड्या पाण्यांत सोनेरी मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. त्या टाकीची निगा थोडीबहुत लहान मुलांसही ठाऊक असते. ही खाऱ्या पाण्याची टाकी मात्र निराळी वस्तु. पुडींतलें मीठ शुद्ध पाण्यांत लिटरमागें ३५ ग्रॅम या मानानें विरघळवून कृत्रिम समुद्र तयार करावयाचा, त्यांत खडक रचावयाचे, वर निळसर दिवे लावावयाचे, आणि मग त्या उजेडांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, शंखांत बिऱ्हाड करणारे खेकडे, फुलासारखे उमलणारे समुद्रप्राणी यांचा संसार थाटावयाचा. बाहेर वैशाखाचें ऊन ४५ अंशांवर तापलें असतां हें दृश्य पाहून कोणाचेंही मन निवेल, यांत नवल नाहीं.

परंतु हा संसार मांडून दोन-तीन महिने होतात न होतात तोंच त्यांत एक अगंतुक पाहुणा येतो. प्रथम वाळूच्या एखाद्या कोपऱ्यांत तांबूस-जांभळा डाग दिसतो. आठवड्याभरांत त्याचा मखमलीसारखा पण हातास बुळबुळीत लागणारा थर होतो. सकाळीं तो विरळ दिसतो, दिवे लागून चार-सहा तास झाले कीं दाट होतो, आणि त्यावर वायूचे मोत्यांएवढे बुडबुडे अडकून राहतात. काडीनें कोपरा उचलावा तर तापल्या दुधावरची साय निघावी तसा सबंध पापुद्रा निघून येतो, आणि त्याला कुजका वास असतो. खडक, वाळू, कांच, सारें कांहीं त्याखालीं झांकून जातें. मग घरधनी घाबरा होतो, दुकानीं जातो, आणि एक पुडी घेऊन येतो. ती पाण्यांत टाकली कीं तीन दिवसांत थर नाहींसा होतो.

या पुडीविषयींच आमचें भांडण आहे. तांबड्या शेवाळ्यावर औषध टाकून तें मारण्याची जी चाल पडूं पाहत आहे ती शास्त्रदृष्ट्या चुकीची, टाकींतील जीवांस घातक आणि गांवासही अपायकारक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी एक म्हण आपल्यांत आहे. ती या प्रकरणास जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या गोष्टीस पडत असेल.

शेवाळें हा शब्द आम्ही वर वापरला खरा, पण वस्तुतः तें शेवाळें नव्हेच. शास्त्रज्ञ त्यास सायनोबॅक्टेरिया म्हणतात. मराठींत नीलहरित जंतु असें म्हणतां येईल. वनस्पतींप्रमाणें ते सूर्यप्रकाशावर आपलें अन्न तयार करतात, पण त्यांच्या पेशींत केंद्रक नसतें, म्हणून त्यांची गणना जंतूंतच होते. नांव नीलहरित असलें तरी त्यांच्यांतील कित्येकांच्या अंगीं हरितद्रव्याबरोबर फायकोएरिथ्रिन नांवाचें तांबडें रंगद्रव्य असतें, आणि समुद्राच्या टाकींतील थरास रंग येतो तो त्यामुळें. हे जीव कालपरवाचे नव्हेत. सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या वातावरणांत प्राणवायु प्रथम सांठूं लागला तो यांच्याच पूर्वजांच्या उद्योगानें. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें प्रसिद्ध सरोवर आहे. त्याचें खारट-सोडायुक्त पाणी एरव्हीं हिरवें दिसतें तें याच कुळांतील स्पिरुलिना जातीच्या जंतूंमुळें. (२०२० सालच्या जूनमध्यें तें सरोवर गुलाबी झालें होतें, तो पराक्रम मात्र दुसऱ्याच जातीच्या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा होता.) गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या समुद्रावर उन्हाळ्याच्या दिवसांत ट्रायकोडेस्मियम नांवाच्या नीलहरित जंतूंचे पट्टे मैल-मैल पसरतात. जुने खलाशी त्यांस समुद्रांतला लांकडाचा भुसा म्हणत. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं त्यांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. सांगण्याचा हेतु इतकाच कीं, जो जीव हवेंतून, पाण्यांतून, धुळींतून, माशाच्या अंगावरून कोठूनही येऊं शकतो आणि कोट्यवधि वर्षें ज्याचें कोणी वांकडें करूं शकलें नाहीं, तो दिवाणखान्यांतल्या पेटींतून एका पुडीनें कायमचा हद्दपार होईल, ही कल्पनाच मुळीं भाबडेपणाची आहे.

मग तो येतो कां? आपल्या बागाईतदार पालकांस याचें उत्तर अर्ध्या वाक्यांत समजेल. रावेर-यावलकडे केळीच्या बागेस आपण नत्र देतों, स्फुरद देतों. केळ तरारून वाढते, आणि तिच्या बरोबरीनें तणही वाढतें. खत कोणासाठीं टाकलें होतें हें तणाला कोठें माहीत असतें? टाकींतही हेंच घडतें. माशांस घातलेल्या खाद्यांत नत्र व स्फुरद हीं दोन्ही असतात. मासा तें खातो व विष्ठेवाटें बाहेर टाकतो. जें खात नाहीं तें खडकांच्या फटींत जाऊन कुजतें. त्यांतून अमोनिया निघतो. वाळूंत व खडकांत राहणारे दुसरे उपकारक जंतु त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. स्फुरद फॉस्फेटच्या रूपानें पाण्यांत राहतें. समुद्रांत हें सारें अफाट पाण्यांत विरून जातें. दोनशे लिटरच्या पेटींत तें कोठें जाणार?

त्यांत आपल्या घरांतील अतिथिधर्माची भर पडते. पाहुणे आले कीं यजमान माशांना चिमूटभर खाद्य टाकून दाखवितो. पाहुण्यांच्या मुलांना टाकावेंसें वाटतें. आजीला वाटतें, बिचारे उपाशी आहेत. माशाचें पोट त्याच्या डोळ्याहून फारसें मोठें नसतें, असें जाणते लोक सांगतात. दिवसांतून दहा वेळां वाढलेलें हें पंक्तीचें ताट अखेर तांबड्या थराच्याच मुखीं पडतें.

दुसरें कारण आपल्या पाण्यांत आहे. खानदेशांत प्रत्येकानें कूलर पाहिला आहे. हंगाम संपल्यावर कूलरच्या गवतावर पांढरा, कठीण थर सांपडतो. तो कोठून आला? पाणी उडून गेलें आणि त्यांतले क्षार मागें राहिले. समुद्राच्या टाकीचेंही तसेंच आहे. उन्हाळ्यांत त्यांतलें पाणी रोज कमी होतें, पण क्षार कमी होत नाहींत. म्हणून जें पाणी उडालें त्याच्या जागीं गोडें पाणीच घालावें लागतें, खारें नव्हे. हें गोडें पाणी विहिरीचें किंवा कूपनलिकेचें असेल, तर त्याबरोबर जमिनींतील क्षार, सिलिकेट आणि शेतांतील खतांमुळें व घरांच्या शोषखड्ड्यांमुळें भूजलांत उतरलेलें नायट्रेट हीं रोज थोडीं थोडीं टाकींत सांठत जातात. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतें असें आपलें मानक आहे. म्हणजे माणसास निर्धोक असलेलें पाणीसुद्धां या टाकीच्या दृष्टीनें खताचें पाणी ठरूं शकतें.

तिसरें कारण विजेचें. समुद्रांत पाणी क्षणभर स्थिर नसतें. टाकींत तें पंपांनीं हलतें ठेवावें लागतें. दुपारीं वीज गेली कीं पंप बंद पडतात, घाण खालीं बसते, आणि स्थिर, कोमट पाण्यांत तांबड्या थरास सुगी येते. पाणी जितकें तापतें तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो, हेंही ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां पुडीकडे वळूं. या पुड्यांत काय असतें हें पुष्कळदां वर छापलेलें नसतें. पण ज्यांत औषध असतें त्यांत तें बहुधा एरिथ्रोमायसिन असतें. कित्येक जण तर सरळ औषधांच्या दुकानांतील गोळ्याच कुटून टाकतात. फिलिपाइन्स बेटांतील मातींत सांपडलेल्या जंतूपासून काढलेलें हें औषध १९५२ सालीं वापरांत आलें. पेनिसिलिन ज्यांस सोसत नाहीं अशा रोग्यांस तें देतात. डांग्या खोकल्यांत व घटसर्पांत डॉक्टर अजूनही त्याचा आश्रय करतात. आपल्या देशांत डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून तें विकण्यास मनाई आहे, आणि ती मनाई उगाच केलेली नाहीं.

जळगांवांतील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या घरीं असा प्रयोग झाला. औषध टाकल्यावर दुसऱ्या दिवशीं थर फिकट पडला, पाणी निवळलें, आणि घरांत आनंद झाला. त्याच रात्रीं मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं-मिटूं लागले. पहाटेपर्यंत दोन मासे मेले. कारण अगदीं सरळ होतें. सबंध टाकीभर पसरलेला थर एकदम मेला म्हणजे तो जातो कोठें? तो तेथेंच कुजतो, कुजतांना पाण्यांतला प्राणवायु खातो, आणि आपल्या अंगांत सांठविलेलें नत्र व स्फुरद पुन्हां पाण्यांत सोडतो. त्यांत महिना मे, पाणी तापलेलें, रात्रीची वेळ. माशांस श्वास घ्यावयास उरलें काय? शिवाय औषधास शत्रु-मित्र कळत नाहीं. अमोनियाचें नायट्रेट करणाऱ्या उपकारक जंतूंवरही त्याचा आघात होण्याची भीति असतेच. पंधरा दिवसांनीं त्या घरीं तांबडा थर पुन्हां दिसूं लागला. जें खाऊन तो वाढला होता तें सर्व जागच्या जागीं होतें. किंबहुना थोडें अधिकच होतें.

कोणी म्हणेल, ज्याची टाकी, ज्याचे मासे, त्याचें तो पाहून घेईल. इतरांनीं लेख लिहिण्याचें कारण काय? कारण असें कीं टाकींतलें पाणी टाकींत राहत नाहीं. दर आठवड्यास त्यांतलें कांहीं काढून मोरींत ओतावें लागतें. मोरीचें पाणी नाल्यांत, नाल्याचें नदींत, आणि नदीचें तापींत. जंतूंना थोड्या थोड्या औषधाची सवय झाली म्हणजे त्यांतले चिवट तेवढे उरतात, आणि तो चिवटपणा ते दुसऱ्या जातीच्या जंतूंसही देऊं शकतात. जंतूंच्या जगांत अशी देवघेव सतत चालू असते. उद्यां एखाद्या मुलास खरोखरच या औषधाची गरज लागली आणि तें लागू पडलें नाहीं, तर त्या पापांत शेतकऱ्यांच्या, कोंबड्या पाळणाऱ्यांच्या, अर्धवट गोळ्या घेणाऱ्या रोग्यांच्या वांट्याबरोबर आपल्या शोभेच्या टाकीचाही वांटा असेल. तो लहान असेल, हें आम्हीही मान्य करतों. पण इतरांचे वांटे निदान पोटापाण्यासाठीं किंवा अज्ञानानें पडलेले असतात. हा वांटा केवळ तीन दिवस वाट पाहवत नाहीं म्हणून पडलेला असतो.

खरा उपाय जुना आहे, आणि तो या छंदाइतकाच जुना आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांचेच्या भांड्यांत त्यांनीं दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पति ठेवली. कल्पना अशी कीं माशांस प्राणवायु वनस्पति देईल आणि वनस्पतीस खत मासे देतील. कांहीं दिवस ठीक चाललें. मग वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळलें, भांड्यावर बुळबुळीत थर बसला. वॉरिंग्टन यांनीं पाण्यांत विष ओतलें नाहीं. त्यांनीं तळ्यांतील पांच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकें खाऊन टाकलें आणि भांडें पुन्हां स्वच्छ झालें. यावरून समुद्राच्या टाकींतही गोगलगाई सोडल्या कीं काम भागलें, असें मात्र कोणी समजूं नये. तांबडा थर बहुतेक गोगलगाई तोंडीं लावीत नाहींत. घेण्याजोगी गोष्ट ती कीं, वॉरिंग्टन थराच्या मागें न लागतां कुजण्याच्या मागें लागले.

म्हणून प्रथम ओळख पटवावी. टाकींत दिसणारा प्रत्येक थर तांबड्या जंतूंचाच असतो असें नाहीं. विद्यार्थिमित्रांनीं त्यांतला टाचणीच्या डोक्याएवढा अंश कांचपट्टीवर घेऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीं चारशे पट मोठा करून पाहावा. लांब, सरळ, गांठी-गांठींचे धागे दिसले आणि त्यांतले कांहीं हळूहळू सरकतांना आढळले, तर ते नीलहरित जंतु. कांचेच्या डबीसारखीं नक्षीदार पिंवळट कवचें दिसलीं तर ते डायटम. नव्या टाकींत ते येतात व आपोआप जातात. तपकिरी ठिपके गरगर फिरत पोहतांना दिसले तर ते डायनोफ्लॅजेलेट, आणि त्यांची गोष्ट उलटी आहे. पाणी फार स्वच्छ करण्याच्या नादानें ते पुष्कळदां बळावतातच. ही पांच मिनिटांची परीक्षा न करतां उपचार करणें म्हणजे नाडी न पाहतां काढा पाजणें होय.

धागेच दिसले, तर एक पातळ नळी घेऊन थर रोज हातानें शोषून काढावा. हें काम कंटाळवाणें आहे. पण यांत थराबरोबर त्यानें खाल्लेलें नत्र-स्फुरदही टाकीबाहेर जातें, जें औषधानें कधींच जात नाहीं. खाद्य दिवसांतून एकदां, मासे दोन मिनिटांत संपवतील इतकेंच. गोठविलेलें असल्यास आधीं धुऊन. पंपाचें तोंड ज्या कोपऱ्यांत थर वारंवार येतो त्या कोपऱ्याकडे वळवावें. फेसाबरोबर घाण बाहेर काढणारें स्किमर नांवाचें यंत्र असेल तर त्याचा पेला भरून वाहेपर्यंत तसाच ठेवूं नये. दिवे आठ तासांहून अधिक नकोत, आणि टाकी पश्चिमेच्या खिडकीशीं तर मुळींच नको. आपल्याकडचें तिसऱ्या प्रहरचें ऊन थरास जितकें मानवतें तितकें माशांस मानवत नाहीं. थर फारच माजला असेल तर तीन दिवस टाकी जाड कापडानें झांकून काळोखांत ठेवणें हा उपायही आम्ही वर्ज्य मानीत नाहीं. मात्र त्या तीन दिवसांत हवेचा पंप अखंड चालू पाहिजे, आणि झांकण्यापूर्वीं हातानें निघेल तेवढा थर काढलेला पाहिजे. टाकींत पोवळ्यासारखे प्रकाशावर जगणारे जीव असतील तर हा काळोख तीन दिवसांपलीकडे लांबवूं नये.

येथें अतिरेकाविरुद्धही एक शब्द लिहिणें प्राप्त आहे. कांहीं हौशी लोक नायट्रेट अगदीं शून्यावर आणण्याच्या मागें लागतात. १९३४ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनीं दाखविलें कीं समुद्रांतील सूक्ष्म जीवांच्या शरीरांत नत्र आणि स्फुरद यांचें प्रमाण जवळजवळ ठराविक असतें. पुढें तें सोळास एक असें मानलें गेलें. नत्र संपलें आणि स्फुरद मात्र उरलें, तर कोणाचें फावेल? ज्याला हवेंतलें नत्र पकडतां येतें त्याचें. आणि नीलहरित जंतूंपैकीं कित्येकांना ती विद्या अवगत आहे. म्हणून अनुभवी लोक नायट्रेट लिटरमागें दोन ते दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट एका मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आंत ठेवतात. शून्य नव्हे, समतोल.

आतां पोवळ्यांविषयीं. पालकांनीं पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा, कारण यांत कायद्याचा संबंध येतो. आपल्या १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें २००१ पासून खडक बांधणाऱ्या सर्व पोवळ्यांस वाघाच्याच पहिल्या अनुसूचींत संरक्षण दिलें आहे. समुद्रघोड्यासही दिलें आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पोवळ्यांच्या वसाहती आहेत, आणि १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य झालें. तेथून किंवा इतर कोठल्याही भारतीय समुद्रांतून काढलेलें जिवंत पोवळें, किंवा पोवळ्यांसकट फोडलेला जिवंत खडक, घरीं आणणें हा अपराध आहे. विकणाऱ्यानें चिठ्ठी दिली, टाकी मोठी आहे, मूल फार हट्ट करतें, यांपैकीं कोणतीही सबब चालत नाहीं. आम्हांस हा कायदा योग्य वाटतो. १९७३ च्या सुमारास शास्त्रज्ञांनीं प्रथम वर्णिलेला काळ्या पट्ट्याचा रोग आज जगांतील कित्येक प्रवाळखडकांवर आढळतो. नीलहरित जंतूंचा एक काळा पट्टा दिवसाला कांहीं मिलिमीटर पुढें सरकतो आणि मागें पोवळ्याचा नुसता पांढरा सांगाडा ठेवतो. मैलापाणी व खतें समुद्रांत उतरतात तेथें या रोगास अधिक वाव मिळतो. ज्या संकटानें खऱ्या समुद्रांतील पोवळीं मरत आहेत, तेंच संकट आपल्या टाकींत रोज उभें असतां त्यांतलीं उरलेलीं आणून येथें कोंडणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

कायदा पाळणाऱ्याच्या टाकींत म्हणूनच सिमेंटचे किंवा भट्टींत भाजलेले कोरडे खडक असतात. त्यांवर आरंभीं जीव असा कांहींच नसतो. मोकळ्या पडीत जमिनीवर प्रथम तण येतें, तसा या उघड्या खडकावर प्रथम तांबडा थर येतो. पुढें सहा-आठ महिन्यांत दुसरे सूक्ष्म जीव, गुलाबी चुनखडी शेवाळें वगैरे तेथें ठाणें देतात, आणि तांबड्याला जागा उरत नाहीं. म्हणजे पहिल्या वर्षांत हा पाहुणा येणारच, असें धरून चालावें, आणि त्याच्या पायीं टाकी मोडूंही नये कीं औषधांच्या दुकानींही धांवूं नये.

राहिला पाण्याचा हिशेब. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकींत सुमारें १९० लिटर पाणी मावतें. आठवड्यास दहावा हिस्सा बदलावयाचा म्हणजे १९ लिटर, आणि त्यास मीठ ६६५ ग्रॅम. उन्हाळ्यांत रोज तीन लिटर पाणी उडतें असें धरलें तर आणखी २१ लिटर. एकूण ४० लिटर शुद्ध पाणी. हें पाणी आर. ओ. यंत्रांतून काढावें लागतें, आणि घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागें सुमारें तीन लिटर पाणी बाहेर टाकतें. म्हणजे आठवड्याला १२० लिटर. ज्या शहरांत नळास रोज पाणी येत नाहीं आणि बायामाणसें टाक्या-पिंपें भरून ठेवतात, तेथें हा आंकडा दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्याजोगा आहे. तें पाणी सांठवून त्यानें फरशी पुसतां येते, संडास धुतां येतो, मोटारही धुतां येते. जें घर इतकें करावयास तयार नसेल त्यानें समुद्र पाळूं नये, हें आम्ही संकोच न धरतां सांगतों. कोणी म्हणतात, मग ही श्रीमंती हौस सरसकट बंदच कां करूं नये? तें आम्हांस मान्य नाहीं. दर रविवारीं नायट्रेट, फॉस्फेट, क्षारता आणि उष्णमान मोजून वहींत उतरविणारा मुलगा किंवा मुलगी वर्षाअखेर रसायनशास्त्राचा जो धडा शिकते, तो फळ्यावर शिकवणें आम्हां शिक्षकांस फार जड जातें. मात्र आरंभ गोड्या पाण्याच्या टाकीपासून व्हावा. वर्षभर तिचे मासे जगवून दाखविले आणि वही एकदांही कोरी राहिली नाहीं, तर पालकांनीं पुढच्या टाकीचा विचार करण्यास हरकत नाहीं.

एक व्यावहारिक सूचना राहिली. आर. ओ. यंत्रांतून बाहेर पडणारें पाणी आणि टाकींतून काढलेलें पाणी यांची गल्लत पुष्कळ घरीं होते. पहिलें थोडें क्षारयुक्त असलें तरी घरकामास चालतें. दुसरें समुद्राइतकें खारें असतें. तें अंगणांतल्या तुळशीस, कुंड्यांना किंवा परसांतल्या झाडांस घातलें तर माती खारट होऊन झाडें वाळतात. तें मोरींतच सोडावें. आणि त्यांत औषधाची पुडी पडलेली नसावी.